ऑस्टिओसार्कोमाच्या पेशींमधून एक्सोसोम कसे काढायचे, आणि पेलेट कसा सांभाळायचा

हाडाच्या कॅन्सरवर एक्सोसोमचं, म्हणजे पेशींतून बाहेर पडणाऱ्या अतिसूक्ष्म पिशव्यांचं, काम ज्यांना पहिल्यांदाच मिळालंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. लॅबमध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हे तोंडी सांगते, पण तोंडी सांगितलेलं सेंट्रिफ्यूजच्या समोर उभं राहिलं की आठवत नाही.

आधी कशासाठी करतोय ते. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर बहुतेक वेळा वाढत्या वयाच्या मुलांना होतो, तोही गुडघ्याच्या आसपास, आणि पसरला की सगळ्यात जास्त फुप्फुसात जातो. स्टीफन पॅजेट या इंग्लिश सर्जनने १८८९ मध्येच म्हटलं होतं की कॅन्सरची पेशी म्हणजे बी आणि अवयव म्हणजे जमीन. आपल्याकडे शेतकरी वाफसा आल्याशिवाय पेरत नाही ना, तसंच, आणि हा वाफसा आणायचं काम गाठीतून सुटलेल्या या बारीक पिशव्या करतात असं आता दिसतंय. २०१५ मध्ये डेव्हिड लायडन या संशोधकाच्या गटाने दाखवलं की पिशवीवरचं इंटिग्रिन (चिकटायला मदत करणारं प्रोटीन) कोणतं आहे त्यावर ती फुप्फुसात जाणार की यकृतात हे बरंचसं ठरतं. २०१७ मध्ये ऑस्टिओसार्कोमातच दिसलं की पिशव्यांवरचं टीजीएफ-बीटा हे सिग्नल देणारं प्रोटीन आसपासच्या स्टेम सेल्सना आयएल-६ हे दुसरं सिग्नल प्रोटीन सोडायला लावतं आणि उंदरांमध्ये त्याने मेटास्टॅसिस, म्हणजे कॅन्सरचं पसरणं, वाढतो. म्हणून आपल्याला या पिशव्या स्वच्छ हव्यात, घाण मिसळली की सगळा निष्कर्षच घाण.

पेशी १४३बी किंवा एमजी-६३ या ऑस्टिओसार्कोमाच्या सेल लाइन घ्या, पुण्याच्या एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) सेल रिपॉझिटरीत आधी चौकशी करा. मायकोप्लाझ्मा टेस्ट केल्याशिवाय पुढे जाऊ नका कारण मायकोप्लाझ्मा हा पेशींना लागणारा बारीक जिवाणूसुद्धा स्वतःच्या पिशव्या सोडतो. १५ सेंटीमीटरच्या १० प्लेट ७०-८० टक्के भरल्या की पीबीएसने (मिठाचं बफर) दोनदा धुवा आणि प्रत्येकीत २० मिली मीडिया घाला, पण त्यातलं एफबीएस, म्हणजे गायीच्या गर्भाचं सीरम, आधी १,००,००० जीवर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट) रात्रभर, म्हणजे १८ तास फिरवून वरचंच घेतलेलं हवं.

हे मी कळवळून सांगतेय. माझ्या पहिल्या बॅचला मी साधंच एफबीएस वापरलं होतं, पार्टिकल भरपूर आले, पेशींचं मायग्रेशन (सरकणं) वाढलं, मी खूश. मग एका सीनियर ताईने विचारलं की पेशी न घातलेला नुसता मीडिया फिरवून बघितलास का, बघितला, तर त्यातही जवळपास तेवढेच पार्टिकल. गायीच्या पिशव्या मोजत होते मी. तीन महिने गेले.

४८ तासांनी मीडिया गोळा करा आणि त्याच प्लेटमधल्या पेशी ट्रायपॅन ब्लूने (मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग) मोजा. ९५ टक्क्यांच्या खाली जिवंत असतील तर तो मीडिया टाकून द्या, मेलेल्या पेशींचे तुकडे नंतर काही केल्या वेगळे होत नाहीत.

आता फिरवणं, सगळं ४ डिग्रीला. ३०० जीवर १० मिनिटं, २,००० जीवर २० मिनिटं, १०,००० जीवर ३० मिनिटं, दर वेळी वरचं घ्यायचं आणि तळाचं थोडं पाणी सोडून द्यायचं, हाव करायची नाही. मग ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून १,००,००० जीवर ७० मिनिटं, आणि यावेळी हवा असतो तो खाली बसलेला थर, म्हणजे पेलेट. दुसऱ्याच्या वहीतला आरपीएम उचलू नका, रोटर बदलला की जी बदलतो. पातळ ट्यूब जवळजवळ काठोकाठ भरा नाहीतर ती आत दबते, आणि समोरासमोरच्या ट्यूब डोळ्यांनी नाही, वजनकाट्यावर बॅलन्स करा.

फिक्स्ड अँगल रोटर असेल तर ट्यूब ठेवण्याआधीच बाहेरच्या बाजूला मार्करने खूण करा कारण पेलेट तिथेच, तळाच्या जरा वर, भिंतीला चिकटतो आणि बहुतेक वेळा दिसतच नाही. दिसलाच तर काचेवर वाळलेल्या थेंबासारखा एक पुसट डाग. खुणेची बाजू वर ठेवून मीडिया एकाच झटक्यात ओता, मध्येच ट्यूब सरळ केलीत की पेलेट सुटून जातो. मग खुणेच्या जागेवर थोडं गाळलेलं पीबीएस पिपेटने पुन्हा पुन्हा सोडा, फेस येऊ न देता, घाई न करता. सगळ्या ट्यूबचं एकत्र करून पीबीएसने भरा, पुन्हा ७० मिनिटं. शेवटी १०० मायक्रोलिटरमध्ये घ्या, छोटे छोटे भाग करून उणे ८० ला. एकच ट्यूब परत परत वितळवू नका.

हातात आलं त्याला लगेच एक्सोसोम म्हणू नका, स्मॉल ईव्ही (एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल, पेशीबाहेरच्या पिशव्या) म्हणा, कारण पेशीच्या आतून आलेल्या आणि पडद्यावरून तुटलेल्या पिशव्या आकाराने एकमेकींत मिसळतात. वेस्टर्न ब्लॉटमध्ये सीडी६३ किंवा सीडी८१, सोबत टीएसजी१०१ ही पिशव्यांची प्रोटीन दिसायला हवीत आणि कॅल्नेक्सिन हे पेशीच्या आतलं प्रोटीन दिसायला नको, त्याच जेलवर सेल लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) हवाच. सीडी६३ च्या बऱ्याच अँटिबॉडी रिड्यूसिंग एजंट घातला की चालत नाहीत, बँड आला नाही तर आधी तेच बघा. साओस-२ ही ऑस्टिओसार्कोमाची सेल लाइन वापरणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा, या पेशी हाडासारखं खनिज तयार करणाऱ्या मॅट्रिक्स व्हेसिकलही सोडतात, त्या तुमच्या पेलेटमध्ये येऊ शकतात.

पेशंटचं रक्त असेल तर ईडीटीए किंवा सायट्रेटची ट्यूब घ्या, हेपरिन नको, आणि फ्रीज करण्याआधीच २,५०० जीवर १५ मिनिटं दोनदा फिरवून प्लेटलेट काढा. किमो चालू असलेल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या हातातून ते ५ मिली आलेलं असतं, ते पुन्हा मागता येत नाही.

मायग्रेशनची टेस्ट (अ‍ॅसे) लावताना पेशी न घातलेल्या मीडियाचा पेलेट, अगदी याच सगळ्या पायऱ्यांतून गेलेला, एका वेलमध्ये हवाच. पिशव्या पेशींत शिरतात का (अपटेक) हे बघायला पीकेएच२६ या लाल डायने रंगवणार असाल तर नुसत्या डायचाही वेल ठेवा. तो डाय स्वतःच पिशव्यांएवढे कण बनवतो, आणि त्या वेलमध्येही पेशी लाल दिसल्या तर तुमचा अपटेकचा फोटो कितीही सुंदर असला तरी तो थिसिसमध्ये घालू नका.