पीक सीझनमध्ये मालदीवच्या रीफवर निघालात? या चुका टाळा

दर एप्रिलमध्ये माझा फोन वाजायला लागतो. "ताई, जून-जुलै पीक सीझन आहे म्हणतात. तिकीट काढून राहिलो, थुलुसधूला रूम मिळते का पाहा ना." थुलुसधू हे मालदीवच्या उत्तर माले अटॉलमधलं, म्हणजे प्रवाळी बेटांच्या कड्यातलं, एक बेट. विचारणाऱ्याने चेन्नईजवळच्या कोवलमला सर्फिंगचा पाच दिवसांचा कोर्स केलेला असतो, फोमच्या बोर्डवर उभं राहून फोटो काढलेला असतो आणि आता त्याला थेट रीफ, म्हणजे प्रवाळाच्या खडकावर फुटणारी लाट, हवी असते. हा उत्साह मला कळतो. मीही नागपूरचीच, मलाही समुद्र उशिराच भेटला. पण त्याच त्या चुकांपायी आठ दिवसांची सहल तिसऱ्या दिवशी संपलेली पाहिली की जीव तुटतो.

घोळ 'पीक सीझन' या शब्दापासूनच सुरू होतो. आपण तो ताडोबासारखा वाचतो. उन्हाळ्यात वाघ पाणवठ्यावर येतो, म्हणून उन्हाळा चांगला. पण ताडोबात जिप्सीत बसून बघायचं असतं, इथे पाण्यात उतरायचं असतं. मालदीवमध्ये साधारण मे ते ऑक्टोबर मोठ्या लाटा येतात, कारण आपल्या पावसाळ्याचे हे महिने म्हणजे दक्षिण गोलार्धातला हिवाळा. तिकडे दक्षिण हिंदी महासागरात वादळं उठतात आणि त्यांची स्वेल, म्हणजे दूरवरून येणाऱ्या लाटांची रांग, हजारो किलोमीटर चालून या बेटांवर आदळते. नैऋत्य मोसमी वारा पूर्वेकडच्या रीफवर जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि लाट उभी धरून ठेवतो. जाणत्या सर्फरसाठी याहून चांगले दिवस नाहीत. शिकणाऱ्याने मार्च-एप्रिलमध्ये जावं. तेव्हा लाटा लहान असतात, वारा हलका असतो आणि गर्दीही कमी.

उंची पाहणं, पिरियड न पाहणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. अंदाजाच्या अ‍ॅपवर 'दीड मीटर' दिसलं की लोक खूश. त्याच्या शेजारी सेकंदांचा आकडा असतो, तो कुणी वाचतच नाही. दोन लाटांच्या माथ्यांमधलं अंतर सेकंदात मोजलं की तो पिरियड. खोल पाण्यात लाटेची लांबी काढायची तर पिरियडचा वर्ग करून १.५६ ने गुणायचं. ९ सेकंदांची लाट साधारण १२६ मीटर लांब भरते, १६ सेकंदांची ४०० मीटर. लाटेचा जोर तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोचतो, म्हणजे पहिलीचा ६३ मीटर, दुसरीचा २०० मीटर. उंची दोन्हींची दीड मीटरच. पण दुसरी खोलवरचा जोर सोबत घेऊन येते, आणि प्रवाळाची कडा अचानक वर आल्यामुळे तो सगळा जोर एका जागी उसळतो. कोवलमला तळ हळूहळू उथळ होतो, लाट वाटेतच थोडी दमते. अटॉलच्या कडेला तिला दमायला जागाच नाही.

आमच्या ग्रुपमधला त्रिमूर्तीनगरचा एक मुलगा जुलैमध्ये आला होता. अंगाने दणकट, रोज जिमला जाणारा. सकाळी मी अ‍ॅप दाखवून म्हटलं, "१६ सेकंद आहे रे, आज चॅनेलमध्ये, रीफच्या बाजूच्या खोल पाण्यात, बोटीवर बसून बघ." "ताई, दीड मीटरच तर आहे. काहून घाबरवता?" चिकन्स ही तिथली डावीकडे फुटणारी लाट. ती त्याने बोटीवरून दोन-चार मिनिटं पाहिली. पाणी शांत होतं, म्हणून निघाला. लांब पिरियडच्या स्वेलमध्ये सेट, म्हणजे मोठ्या लाटांचे गट, दहा-दहा, पंधरा-पंधरा मिनिटांनी येतात. मधली शांतता फसवी असते. तो नेमका लाट फुटते त्या जागेच्या आत पोचला आणि सेट आला. पहिल्या लाटेने बोर्ड हातातून ओढून नेला. दुसरी येताना पाहून तो घाबरला आणि बोर्डजवळ उभा राहायला म्हणून पाय खाली सोडले.

रीफवर पाय टेकवायचा नसतो. कधीच नाही. पडताना पाठीवर किंवा पोटावर, हातपाय पसरून, जमेल तितकं सपाट पडायचं. मग हात डोक्याभोवती घ्यायचे. वर येताना एक हात आधी पाण्याबाहेर काढायचा. मालदीवमध्ये भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर असतो, पण गुडघाभर पाणी आणि छातीभर पाणी यात फरकही तेवढाच.

त्या मुलाची टाच अर्धा बोट आतपर्यंत कापली गेली होती. बोटीवर घेतला तेव्हा रक्त फारसं नव्हतं. जखमेच्या कडांना पांढरी वाळूसारखी कणी चिकटलेली होती. ती प्रवाळाची. ती आत राहिली की जखम चिघळते. उरलेले पाच दिवस तो गेस्टहाउसच्या ओसरीत खुर्चीवर पाय ठेवून बसला होता आणि नागपुरात परतल्यावरही त्याला नीट चालायला तीन आठवडे लागले. म्हणून माझ्या बॅगेत मऊ टूथब्रश, साबण, अँटिसेप्टिक आणि पट्ट्या कायम असतात. कापलं की लगेच गोड्या पाण्याने आणि साबणाने जखम घासून कणी काढायची, दुखलं तरी. हळद भरू नका. खोल असेल तर त्याच दिवशी बेटावरच्या आरोग्यकेंद्रात जा. धनुर्वाताचं इंजेक्शन निघायच्या आधीच घ्या.

टोनी हाइंड हा ऑस्ट्रेलियन सर्फर १९७३ साली बोट फुटून याच उत्तर माले अटॉलच्या रीफवर अडकला आणि पुढे तिथेच राहिला. या लाटा त्याने वर्षानुवर्षं रोज पाहिल्या. आपल्याकडे आठ दिवस असतात. निदान पहिली सकाळ तरी नुसती पाहण्यात घालवा. अर्धा तास, घड्याळ लावून.

बोर्ड नागपूरच्या उन्हात ठेवणं

ही चूक खास आपल्याकडची. मे महिन्यात नवा बोर्ड कुरिअरने येतो. दाखवायचा म्हणून तो कारच्या मागच्या सीटवर टाकून लोक फिरतात. धरमपेठेत एकाने कार उन्हात लावली, तर्री पोहे खाल्ले, चहा घेतला, पाऊण तासाने आला. बाहेर ४५ अंश. बंद कारमध्ये त्याहून कितीतरी जास्त. पाय घसरू नये म्हणून बोर्डला लावतात ते वॅक्स वितळून सीटवर ओघळलं होतं, ते एक वेळ पुसता येतं. पण बोर्डच्या वरच्या बाजूला पोळीसारखा फुगा आला होता. बोटाने दाबला की खाली जायचा, सोडला की पुन्हा वर. उष्णतेने आतली हवा फुगते, रेझिन मऊ पडतं आणि फायबरग्लासचं कवच फोमपासून सुटतं. तो बोर्ड पाणी न बघताच गेला.

माझा बोर्ड उत्तरेच्या खोलीत पलंगाखाली असतो. विमानतळावर नेताना पांढऱ्या चादरीत गुंडाळते आणि गाडीचा एसी आधी दहा मिनिटं चालवते. घरचे हसतात, हसू देत.

बाकीच्या थोडक्यात.

बोर्डची लांबी विमान कंपनीला आधी लेखी विचारा. नागपूरहून मुंबईला किंवा बंगळूरला जाणारं विमान लहान असेल तर काउंटरवर नकार मिळू शकतो. फिन, म्हणजे बोर्डच्या खालची पाती, काढून ठेवा, टोकांना टॉवेल बांधा.

जून-जुलैत मुंबईच्या पावसावर दीड तासाचं कनेक्शन ठेवू नका. एक रात्र मध्ये काढा.

माले रात्री उशिरा गाठलंत तर बेटावरची नेहमीची स्पीडबोट निघून गेलेली असते. शुक्रवार तिथे सुट्टीचा, त्या दिवशीचं वेळापत्रक आधी पाहा.

जादा लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, न्या. रीफवर लीश तुटली की बोर्डही तुटतो.

कोक्स ही लाट थुलुसधूच्या अगदी पुढ्यात आहे, म्हणून ती सोपी होत नाही. उथळ आहे, जोरात फुटते. पहिल्या सहलीत तिच्याकडे किनाऱ्यावरूनच बघा.

लाट जिथे सुरू होते त्याच्या सर्वात जवळ जो असेल, लाट त्याची. त्याच्या पुढ्यात उडी घेणारा दोघांनाही रीफवर नेतो. पीक सीझनच्या गर्दीत तुम्हाला कमी लाटा मिळतील, हे धरूनच जा.

विमा काढताना सर्फिंग आणि बेटावरून मालेला हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे वाचा.

आणि पोहणं. इथे लोक शॉर्टकट शोधतात, आणि इथे शॉर्टकट नाही. बोर्डवर उभं राहण्याचे व्हिडिओ शंभर वेळा बघतात, पण पोहण्याच्या तलावावर तिसऱ्या फेरीला काठ धरतात. पाण्यात बहुतेक वेळ पोटावर झोपून हात मारण्यात जातो. उभं राहणं काही सेकंदांचं. मी डिसेंबरपासून आठवड्यातून चार दिवस पहाटे तलावावर जाते, घरी सतरंजीवर रोज वीस पॉप-अप, म्हणजे पोटावरून झटक्यात उभं राहण्याचा सराव, मारते. मला फोन जरूर करा, रूम बघून देईन. फक्त मी आधी विचारीन, की न थांबता ५०० मीटर पोहता का. अजून पोहत नसाल, तर तिकीट पुढच्या मार्चचं काढू.