जुन्या हस्क्वार्नाचं चेंबर आधी मोजा, मग आयातीचे कागद करा

स्वीडनमधल्या जुन्या हस्क्वार्ना शिकारी रायफलीच्या नळीवर ९.३×५७ (गोळीचा व्यास × काडतुसाच्या केसची लांबी, मिमीमध्ये) असा ठसा असला, तरी आधीच्या एखाद्या मालकाने चेंबर (नळीच्या मागचा, काडतूस बसतं तो भाग) वाढवून ९.३×६२ करून घेतलेलं असू शकतं. अमेरिकेत आणायची असेल तर फॉर्म ६ वर, म्हणजे आयात परवान्याच्या अर्जावर, कॅलिबर लिहावं लागतं. म्हणून पैसे पाठवण्याआधीच विक्रेत्याकडून किंवा तिथल्या गनस्मिथकडून सेरोसेफचा साचा काढून घ्या; म्हणजे कमी तापमानाला वितळणारा हा मिश्रधातू चेंबरमध्ये ओतून त्याच्या आतल्या आकाराची प्रत. खर्च थोडा आहे, आणि ठशापेक्षा साचा भरवशाचा.

१. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढा. चेंबर साफ आणि कोरडं करा.
२. चेंबरच्या थोडं पुढे, नळीत कापडाचा घट्ट बोळा बसवा.
३. नळीचं तोंड खाली ठेवून वितळलेलं सेरोसेफ मागून ओता. ते साधारण ९० अंश सेल्सिअसच्या आत वितळतं, फार तापवू नका.
४. साचा अर्ध्या तासाच्या आत अलगद ढकलून काढा. तेव्हा तो किंचित आकसलेला असतो. ओतल्यापासून तासाभराने तो चेंबरच्या मापाला येतो, तेव्हाच मोजा.
५. शेजारी ९.३×५७ काडतुसाची रिकामी केस (पितळी नळकांडं) ठेवून तिचा खांदा (निमुळता भाग) आणि मान (गोळी धरणारं टोक) साच्याशी जुळवा. ५ मिमीचा फरक डोळ्यांनाच दिसतो.

मॉडेल ४६ असेल तर हे टाळूच नका. ती जुन्या एम/९६ माउझर अ‍ॅक्शनवर (बोल्ट बसतो त्या यंत्रणेवर) बांधलेली आहे आणि ९.३×६२ चा दाब बराच जास्त असतो.

सेरोसेफमध्ये शिसं आणि कॅडमियम असतं. स्वयंपाकाचं भांडं वापरू नका.