बाप व्हायचंय? मग खरिपाची फवारणी जरा बघून

सोयाबीनची पेरणी तोंडावर आलीये, सांवेर, देपालपूर, महूकडे शेती असलेल्या आपल्या इंदूरच्या मंडळींची धावपळ सुरू झाली असेलच. बियाण्याचं, खताचं नंतर बोलू. आधी त्या पोरांचं बोलायचंय ज्यांची लग्नं आत्ता वैशाख-ज्येष्ठात झालीत आणि जे जुलैत पाठीवर पंप घेऊन शेतात उतरणार आहेत, दुसऱ्या बाळाचा विचार चाललेल्यांनीही वाचा.

बाळात काही व्यंग निघालं की आपल्याकडे सगळ्यांचं बोट आईकडे, ग्रहणात काही चिरलं असेल, नको ते खाल्लं असेल. बापाला कोणी विचारतच नाही की बाबा रे, दिवस राहायच्या आधीचे तीन महिने तू काय काय हाताळत होतास? शुक्राणू तयार व्हायला साधारण 70-75 दिवस लागतात, वर पिकायला अजून आठवडा-दोन आठवडे, म्हणजे ऑगस्टात सोयाबीनवरच्या चक्रभृंग किडीसाठी आणि अळीसाठी जे मारलं त्याचा परिणाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत चालू शकतो, दिवाळीच्या सुमारास दिवस राहिले तर हिशोब खरिपातच जातो. अमेरिकेत मिनेसोटामध्ये फवारणीचं लायसन असलेल्यांच्या मुलांचा अभ्यास 1996 साली छापून आला, त्यांच्यात जन्मजात दोष जास्त दिसले आणि तिथल्या वसंत ऋतूत, म्हणजे फवारणीच्या दिवसांत, गर्भ राहिलेल्यांत आणखी जास्त. आणि 1977 मध्ये कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे सूत्रकृमींचं औषध बनवणाऱ्या कामगारांना मुलंच होत नाहीयेत हे उघड झालं होतं.

घाबरून जाऊ नका. शंभर जन्मांमागे दोन-तीन बाळांत काही ना काही दोष तसाही असतो, शेतकऱ्यांची बहुतेक मुलं ठणठणीत जन्मतात, आणि अमक्या बाळाचं व्यंग तमक्या औषधानेच झालं असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण जे टाळता येतं ते का नाही टाळायचं?

डब्यावरच्या त्रिकोणावर फार विसंबू नका. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग माणूस लगेच विषबाधा होऊन मरण्याचा धोका किती ते सांगतात, शुक्राणूंचं काय होईल ते त्यात नाहीच. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशकच घ्या, बीजप्रक्रियेला सर्रास वापरतात, पटकन विषबाधा करणारं नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने अंडकोषांचं नुकसान झालेलं दिसलंय. आणि आपण काय करतो, तगारीत बी ओततो, पुडी फोडतो, उघड्या हातांनी कालवतो आणि त्याच हाताने बिडी पेटवतो. बीजप्रक्रियेचा ड्रम आणा, नाहीतर निदान नाइट्राइल रबराचे हातमोजे घाला, हे तर शंभर-दोनशे रुपयांचंही काम नाहीये हो.

पंप आत्ताच तपासा. झाकणाचं वॉशर गेलेलं असलं की औषध पाठीवरून कमरेत आणि कमरेतून थेट चड्डीत उतरतं, पावसाळ्यात कपडे आधीच घामाने ओले असल्याने कळतही नाही. पॅराथिऑन या कीटकनाशकावर झालेल्या एका जुन्या प्रयोगात हाताच्या कातडीपेक्षा अंडकोषाच्या कातडीतून जवळजवळ 12 पट जास्त औषध अंगात गेलं होतं! म्हणून पाठीला आणि कमरेखाली प्लास्टिक बांधा, वारा तोंडावर असेल तर फवारू नका, सोयाबीन मांडीपर्यंत आलं असेल तर फवारलेल्या ओळीत पुन्हा शिरू नका, आणि कपडे भिजलेच तर काम सोडून आधी साबणाने धुवा, संध्याकाळची वाट बघायची नाही. नोजल तोंडाने फुंकणं कायमचं बंद.

ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका, स्वतः वेगळे धुवा, बायकोला तर देऊच नका. तिने मूल ठरवल्यापासूनच फॉलिक अॅसिड 400 मायक्रोग्रॅम रोज सुरू करावं, कारण बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतो ती नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या 28 दिवसांतच बंद होते, तेव्हा पुष्कळदा दिवस राहिलेत हेही माहीत नसतं.

सगळ्यात सोपं म्हणजे या हंगामात फवारणी मोठ्या भावाने किंवा काकांनी करावी, ज्यांचं घर भरलंय. मजुराला पंप देणार असाल तर त्यालाही विचारा की घरी पाळणा हलवायचा विचार आहे का, तोही कोणाचा तरी बाप होणार असतो, आणि हातमोजे त्यालाही द्या.

दिवस आधीच राहिले असतील तर मागचं उगाळत बसू नका. गेल्या तीन महिन्यांत वापरलेल्या औषधांच्या लेबलांचे फोटो मोबाइलमध्ये काढा, ते डॉक्टरांना दाखवा आणि 18 ते 20 आठवड्यांतली सोनोग्राफी चुकवू नका.