वळीव ते मृग: वर आलेला मासा भुकेला की गुदमरलेला?

मे संपत आला की कोल्हापूर भागातलं पाणी नाजूक अवस्थेत असतं. शेततळी आटत आलेली, पंचगंगा-भोगावतीवरच्या बंधाऱ्यांमागं साठलेलं पाणी तापलेलं. दुपारी उकाडा, संध्याकाळी ढग, मध्येच तासभर वळीव. अशा वेळी पाण्यावर मासा दिसला की गळवाल्यांना हुरूप येतो. शेततळेवाल्यांनी मात्र आधी जवळ जाऊन बघावं, कारण मासा वर येतो तो खायला, नाहीतर श्वासाला.

खाणारा मासा फिरता असतो. उसळी मारतो, चाहूल लागली की क्षणात खाली जातो. गुदमरलेला मासा पहाटे तोंड वर काढून आ वासत राहतो, काठावर पाऊल वाजलं तरी हलत नाही. कटला तसा वरच्या थरातलाच, पण तळाशी राहणारा मृगळही वर आला तर दुखणं वाढलंय असं समजा. गोगलगायी आणि झिंगे काठाला येऊन पाण्याबाहेर निघू बघतात. बगळे, पाणकावळे एकाएकी दाटीनं जमले तर तेही मनावर घ्या. सुस्त मासा त्यांना आयता मिळत असतो. मरळ तेवढी यातून वगळा. ती हवेतून श्वास घेते, त्यामुळं धडधाकट असली तरी अधूनमधून वर येणारच.

असं का होतं? पाण्यातलं हिरवं शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करतं. रात्री मात्र शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ सगळेच तो वापरतात, म्हणून उजाडायच्या आधी तो सर्वांत कमी असतो. दिवसभर ढग राहिले आणि वारा पडला, की पुढची पहाट धोक्याची. त्यात वळवाचं गार पाणी जड असल्यानं खाली जातं आणि तळातलं कुजकं पाणी वर ढकलतं. लिटरमागं 5 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असला तर मासा सुखात असतो, 3 च्या खाली गेला की त्रास सुरू होतो.

म्हणून ढगाळ दिवशी पेंड-कोंडा निम्म्यावर आणा. मासे आ वासत असतील तर खाद्य पूर्ण बंद ठेवा आणि शेणखतही टाकू नका. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) असेल तर मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत चालवा. नसेल तर विहिरीचं पाणी उंचावरून, फवाऱ्यासारखं तळ्यात सोडा. शेतातलं खत-औषध धुऊन आणणारं पहिलं पाणी तळ्याबाहेरून काढून द्या, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

नदीवर गळ टाकणाऱ्यांनी भर दुपारची वेळ सोडावी. तेव्हा मासा डोहात खोल असतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला तो उथळाकडं येतो. वळीव झाल्यावर ओढा नदीला मिळतो तिथं गांडुळं, किडे वाहून येतात, आणि पाणी नुसतं गढुळलेलं असताना गळाला चांगली ओढ मिळते. पूर्ण लाल पाणी झालं की मासा आमिष बघूच शकत नाही. सुरय पक्षी एकाच जागी सूर मारत असतील तर खाली बारीक माशांचा थवा आहे, ही खूण भरवशाची. मुंग्या अंडी हलवतात किंवा बेडूक ओरडतात त्यावरून पावसाचा अंदाज बांधा, माशांचा नको.

नदीत मासे अर्धमेले होऊन हातानं सापडू लागले तर ते घरी नेऊ नका, विकू नका. ते पाणी बिघडल्याचं लक्षण आहे. ग्रामपंचायतीला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लगेच कळवा.

मृगाच्या पावसात पोटात गाभोळी (अंडी) घेऊन मासा प्रवाहाविरुद्ध चढतो. ओढ्याच्या तोंडाशी आडवं जाळं लावून तो अडवणं म्हणजे पुढच्या वर्षीचा मासा आजच संपवणं. हे थांबलंच पाहिजे.

बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढल्यावर प्रवाहाची ओढ एकदम वाढते, आणि राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावतीचं पाणी झपाट्यानं चढतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी आहे. पाणी त्या पातळीकडं चढू लागलं की काठावर बसू नका. वीज कडाडू लागली तर काठी खाली टाकून पक्क्या छपराखाली जा. शेततळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी आताच बसवा आणि पाऊस चालू असताना तिच्यात अडकलेला पालापाचोळा रोज काढत राहा, नाहीतर पाणी जाळीवरून जाईल आणि बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) त्याबरोबर ओढ्याला लागेल.