जुने कुत्यूर ड्रेस घेताय? आधी तो वाफेचा स्टीमर लांब ठेवा

दर दोन दिवसांनी कोणीतरी विचारतं, "ताई, हा डिओर खरा आहे का?" आणि फोटो कसला, तर फक्त लेबलचा. अहो, लेबल काय, चार टाके उसवून कशावरही लावता येतं! ड्रेस उलटा करा. पॅरिसच्या ओत कुत्यूरमध्ये, म्हणजे एकेका गिऱ्हाईकाच्या मापाने हाताने शिवलेल्या कपड्यांत, आतलं कामही बघण्यासारखं असतं, हाताचे टाके, शिवणीत भरपूर दाबलेलं कापड, कंबरेला आतून वेगळी पट्टी. लेबलभोवती जुन्या टाक्यांची रिकामी भोकं दिसली की मी तिथेच थांबते. आणि 'ख्रिश्चन डिओर न्यूयॉर्क' म्हणजे रेडीमेड लाइन, पॅरिसचं कुत्यूर नव्हे, त्याला कुत्यूरचा भाव देऊ नका.

आता माझं स्वतःचं शहाणपण ऐका. 1930 च्या आसपासचं काळं जॅकेट लिलावात मिळालं, अंगभर टिकल्या, घरी आल्यावर जरा चुरगळलेलं वाटलं म्हणून मी हातातला स्टीमर फिरवला, फक्त एका बाहीवर हं. अर्ध्या मिनिटात टिकल्या आक्रसून वळल्या, एकमेकींना चिकटल्या, हाताला गोंदासारखं लागलं. त्या काळात जिलेटिनच्या टिकल्या सर्रास वापरायचे, म्हणजे आपल्या जेलीतलं तेच, पाणी आणि उष्णता दोन्ही चालत नाही. ती बाही आजही तशीच आहे. तेव्हापासून आतल्या शिवणीत अडकलेली एखादी सुटी टिकली काढून कोमट पाण्याच्या थेंबात ठेवते, ती बुळबुळीत झाली की ड्रेसला ओला हात नाही, वाफ नाही, ड्रायक्लीनरही नाही. पण नवख्यांना धीर कुठे, पार्सल फुटलं की लगेच चकचकीत फोटो हवा!

मण्यांचे 1920 चे ड्रेस हँगरला लावू नका, वजनाने खांद्यावर फाटतात. उरेबी, म्हणजे तिरक्या कापलेल्या कापडाचेही आडवेच ठेवा, लोंबून लांब होतात. प्लास्टिकची पिशवी नको, धुतलेला मांजरपाट घ्या. डांबरगोळ्या तर नकोच, तो वास वर्षानुवर्षं जात नाही. आणि आपल्या मापाचं करायला टेलरकडे नेणार असाल तर कृपा करून मला सांगू नका.

हो, आणि लिलावात हातोडा पडला तो आकडा शेवटचा नसतो. त्यावर बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलावघर घेणाऱ्याकडून लावतं ते कमिशन, बऱ्याच ठिकाणी पंचवीस टक्के किंवा त्याहून जास्त, मग कुरिअर, विमा, भारतात आणलं तर कस्टम्स. हे सगळं बोली लावायच्या आधी कागदावर मांडा, मी तर कमाल आकडा तळहातावर पेनाने लिहून बसते.