सेकंड हँड फोर बाय फोर घेताय? आधी गाडीखाली झोपा

दसरा झाला, पाऊस ओसरला की इथं बेळगावात माझ्याकडं फोन सुरू होतात. जुनी फॉर्च्युनर बघायलोय, एंडेव्हर मिळायलीय, मागं छोटा ट्रेलर लावून तिलारीकडं नाहीतर दांडेलीकडं कॅम्पिंगला जायचंय, घेऊ काय सांग. मी आजवर दोन जुन्या फोर बाय फोर (चारी चाकांना इंजिनची ताकद जाते त्या गाड्या) घेतल्या, त्यातल्या पहिलीत चांगलाच फसलो, आणि त्या फसण्यातनं जे कळलं तेच इथं लिहायलोय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गाडी मी संध्याकाळी अंधार पडल्यावर बघितली, चूक तिथंच झाली. काळी कुळकुळीत, टायरला पॉलिश, सीट कव्हर नवी, आत अत्तराचा वास. कंपनीचं नाव सांगत नाही कारण दोष कंपनीचा नव्हता, माझ्या डोळ्यांचा होता. दोन महिन्यांनी मेस्त्रीकडं रॅम्पवर चढवली तर मागच्या अ‍ॅक्सलच्या वर चेसिसवर (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर) लाल मातीचा बोटभर जाड थर, वाळून विटेसारखा झालेला. त्यानं स्क्रूड्रायव्हर खुपसून माती पाडली, मातीबरोबर पत्र्याचे पापुद्रे पण पडले, आणि मग स्क्रूड्रायव्हर आतच गेला की, मुठीपर्यंत. माझ्याकडं बघून म्हणतो, "सावकार, ही गाडी बेड होती." बेड म्हणजे कानडीत नको. घ्यायच्या आधी विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं त्यानं, पण मी कुठं विचारलं.

आपल्याकडं हे जास्त का होतं बघा. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला ह्या पट्ट्यात पाऊस कसा कोसळतो ते सांगायला नको, मलप्रभेचा उगमच तिथला. ती लाल माती चेसिसच्या कोपऱ्यात बसली की महिनोन् महिने ओल धरून ठेवते, वरनं गाडी धुतली तरी आतली निघत नाही. आणि गोव्याची किंवा सिंधुदुर्गातली गाडी असली तर त्यात खाऱ्या हवेची भर. म्हणून गाडी दिवसा बघायची, सोबत एक जुनं पोतं, टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर न्यायचा, पोतं अंथरायचं आणि सरळ खाली झोपायचं. मालक हसला तर हसू दे. मागच्या अ‍ॅक्सलच्या वरची कमान, स्टेपनीच्या वरचा आडवा मेंबर, बॉडी जिथं चेसिसवर रबरी बुशवर बसते ते बोल्ट, स्प्रिंगच्या बैठका, एवढं ठोकून बघा. टणटण आवाज आला तर ठीक, भद्द आला तर उठा आणि घरी या. वरवरचा तांबूस गंज सगळ्या गाड्यांना असतो, त्याला घाबरू नका. मला भीती वाटते ती ताज्या काळ्या अंडरबॉडी कोटिंगची. दहा वर्षांची गाडी खालनं नवी करकरीत काळी दिसली तर कायतरी झाकलंय समजायचं, आणि वेल्डिंगचा टाका दिसला तर मोठा अपघात झालाय काय ते सरळ विचारायचं.

खाली झोपलाच आहात तर आणखी एक काम करून घ्या, गाडी खरंच फोर बाय फोर आहे काय बघा. हसू नका, मागं फोर बाय फोरचा बिल्ला बाजारात मिळतो आणि लोक लावतात. पुढच्या दोन चाकांच्या मधे डिफरन्शियलचा (दोन चाकांत ताकद वाटणारा) गोळा आणि त्यातनं मागं ट्रान्सफर केसकडं (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीकडं) जाणारा शाफ्ट दिसला पाहिजे. फॉर्च्युनर, एंडेव्हर, स्कॉर्पिओ, सफारी स्टॉर्म, सगळ्यांची टू व्हील ड्राइव्ह मॉडेलं होती आणि रस्त्यावर तीच जास्त दिसतात. नावावर पण जाऊ नका. जाहिरातीत नुसतं 'सफारी' लिहिलेलं असतं, त्यातली जुनी सफारी स्टॉर्म लॅडर चेसिसवाली (खाली शिडीसारखा वेगळा सांगाडा, वर बॉडी) आणि २०२१ ला आलेली नवी सफारी मोनोकॉक (सांगाडा आणि बॉडी एकच), पुढच्या चाकांवर चालणारी. हायवेला ती नवी छान आहे, पण ट्रेलर ओढत चिखलातनं जायचं तर मी लॅडर चेसिसच घेईन. २०२२ नंतरच्या स्कॉर्पिओत सुद्धा फोर बाय फोर मिळते ती स्कॉर्पिओ एन मधे, स्कॉर्पिओ क्लासिकमधे नाही.

आता वजन. ट्रेलरचं रिकामं वजन सगळे सांगतात, भरलेलं कुणी सांगत नाही. १०० लिटरची पाण्याची टाकी भरली की १०० किलो तिथंच वाढलं, त्यावर बॅटरी, गॅस, तंबू, भांडी, आणि आपल्याकडं चार माणसं गेली तरी सामान दहा जणांचं असतं. ऊसाच्या पट्ट्यात वजनकाट्यांना तोटा नाही, ट्रेलर भरून एकदा काटा करून आणा. मग गाडीचं मॅन्युअल उघडून ती किती ओढू शकते तो आकडा बघा. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक आहे आणि नाही ह्याचे आकडे वेगळे असतात, ब्रेक नसलेल्याला बऱ्याच गाड्यांत ७५० किलोच्या आसपासच मर्यादा असते. इंजिनात दम आहे म्हणून दीड टन ओढून नेता येईल हो, पण वंटमुरी घाट उतरताना थांबवणार कोण?

हुकावर पडणारं वजन भरलेल्या ट्रेलरच्या साधारण १० टक्के धरा, जरा जास्त चालेल, कमी नको. १,००० किलोचा ट्रेलर असला तर १०० किलो गाडीच्या शेपटीवर आलं आणि ते गाडीच्या पासिंगच्या वजनातच मोजायचं, माणसं आणि टपावरच्या तंबूबरोबर. ऊसाची दोन चाकी ट्रॉली बघितली असेल, मागं जड भरली की दांडा वर उचलतो. इथं तेच होतं, फक्त ६० च्या स्पीडला होतं, ट्रेलर मागं शेपूट हलवायला लागतो आणि गाडीला पण हलवतो. जड सामान अ‍ॅक्सलच्या जरा पुढं ठेवायचं.

हूक बसवलेली गाडी मिळाली तर खुश होऊ नका, आधी तो कशाला बसवलाय बघा. चेसिसच्या दोन्ही बाजूंना बोल्टनं आवळलेला पाहिजे, बंपरच्या पट्टीला किंवा एका मेंबरला वेल्ड मारलेला असेल तर तो दोरी बांधून टोचन करण्यापुरता. आणि हुकावरच्या गोळ्याचं, म्हणजे बॉलचं माप बघा. ५० मिलिमीटरचा बॉल आणि दोन इंचाचा कपलर (त्यावर बसणारी ट्रेलरची वाटी) दिसायला सारखेच, पण दोन इंच म्हणजे ५०.८, ती ढिलाई खड्ड्यात खडखडते आणि झिजत जाते. उद्यमबागेत चांगलं फॅब्रिकेशन करणारे भरपूर आहेत, पण हूक ही ग्रिल-गेट नव्हे, ट्रेलरचं काम केलेला माणूसच शोधा. ट्रेलरला सुद्धा स्वतःचं रजिस्ट्रेशन आणि नंबर लागतो, बनवायला टाकायच्या आधीच आरटीओत विचारून घ्या.

इंजिनचं थोडक्यात सांगतो कारण ते सगळेच बघतात. जाताना मालकाला सांगायचं की गाडी चालू करू नको, गेल्यावर बॉनेटला हात लावायचा, गरम लागलं तर आधीच चालू करून ठेवलीय. थंड इंजिन पहिल्या सेल्फला उठलं पाहिजे. निळा धूर म्हणजे ऑइल जळायलंय, पांढरा धूर थांबेना आणि पाणी कमी व्हायलंय तर गास्केटचा संशय. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढून वाफ किती मारते बघा. ३.० लिटरच्या जुन्या फॉर्च्युनरला टायमिंग बेल्ट आहे, कधी बदलला त्याचं बिल मागा, तोंडी नको. ऑटोमॅटिक असेल आणि आधीच्या मालकानं ट्रेलर ओढला असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल बघा, काळपट आणि जळका वास म्हणजे पुढं मोठा खर्च. मॅन्युअल असेल तर क्लच, तिसऱ्या-चौथ्या गिअरला चढावर पाय दाबल्यावर आरपीएम वाढतो आणि गाडी जाग्यावरच, तर प्लेट गेली.

फोर बाय फोर मात्र वेळ काढून तपासा, कारण लाखो रुपये जास्त आपण त्याच्यासाठीच मोजतो. बरेच मालक ते बटण वर्षानुवर्षं फिरवतच नाहीत आणि आतली मोटर जाम होते. डांबरावर तपासू नका, मातीच्या शेतरस्त्यावर न्या. स्टॉर्म, स्कॉर्पिओसारख्या गाडीत फोर हायला (चारी चाकं, नेहमीचा स्पीड) टाकून सरळ हळू चालवा, दिवा लुकलुकत न राहता स्थिर लागला पाहिजे. मग थांबून, न्यूट्रल करून फोर लो. खट्ट करून बसला आणि गाडी मुंगीसारखी पण रेड्याच्या ताकदीनं सरकायला लागली म्हणजे बरोबर. कर्रकर्र किंवा टक-टक आवाज येत राहिला तर सोडा. जुनी फॉर्च्युनर मॅन्युअल आणि एंडेव्हर ३.२ ह्या फुल टाइम आहेत, म्हणजे फोर बाय फोर कायम चालूच, त्यांचं वेगळं. माझं मत विचाराल तर ट्रेलरला एंडेव्हर ३.२ सारखं इंजिन मजेचं, ५ सिलिंडर, ४७० न्यूटन मीटर टॉर्क, मागं डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा). पण फोर्डनं २०२१ मधे भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, पार्ट मिळतात पण वाट बघायची तयारी ठेवा. खानापुरात संध्याकाळी सहाला बुश पाहिजे असला तर स्कॉर्पिओचाच मिळणार.

त्यानंतर मेस्त्रीला दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचा प्लग सैल करून थेंबभर ऑइल काढायला सांगा. मालक कुरकुर करतो, करू दे. मी दुसरी गाडी घेताना तीन गाड्या बघितल्या, त्यातल्या एकीचं ऑइल बोटावर घेतलं तर दुधाच्या चहासारखं. म्हणजे आत पाणी गेलेलं, नदी-ओढ्यातनं खेळवलेली गाडी. मालक म्हणायचा घर ते ऑफिस, दुसरीकडं कुठं नेलीच नाही.

पाण्यावरनं आठवलं, २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै विसरू नका. कोल्हापूर, सांगली, निपाणी, चिकोडी भागात किती गाड्या बुडाल्या, त्यातल्या काही वाळवून, आतनं नवी करून फिरायलेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, टोकाला चिखलाची रेघ किंवा बुरशी असते, ती धुवायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट, मॅटखालचा फोम, फ्यूज बॉक्सचे कोपरे. आणि तो आतला अत्तराचा वास, तो कशासाठी मारलाय ते पण विचारात घ्या.

कागदपत्रांत आपण सीमेवरचे लोक फार बेफिकीर. पाहुणे चंदगडला, गाडी एमएच-०९ (कोल्हापूर पासिंग), राहणार टिळकवाडीत, चाललंय वर्षानुवर्षं. पण दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांच्या वर इथं ठेवली की केए-२२ (बेळगाव पासिंग) करून घ्यावी लागते, आणि कर्नाटकचा लाइफटाइम टॅक्स जड आहे. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, तरी मोठ्या एसयूव्हीला भरायची रक्कम बघून डोळे फिरतात. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात येतात, त्यांची किंमत सांगताना एजंट हा टॅक्स धरत नाही. तुम्ही धरा, आरटीओत आकडा काढा, मग स्वस्त पडते काय बघा. बाहेरची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, ट्रान्सफरला २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. चेसिस नंबर खाली चेसिसवर कोरलेला असतो, तो आरसीशी स्वतः ताडून बघा, आणि इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करा. परिवहनच्या साइटवर चलन किती थकलंय ते पण बघा, एका गाडीवर मला ढीगभर सापडली होती.

टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असू दे, सहा वर्षांवरचा टायर ट्रेलर ओढायला नको. ठरलेल्या किमतीतनं टायरचे पैसे कमी करून घ्या, भांडायला हा सगळ्यात चांगला मुद्दा आहे.

गाडी घरी आली की लगेच भीमगडच्या जंगलात घुसवू नका. ते २०११ पासून अभयारण्य आहे, परवानगीशिवाय तंबू टाकला तर वनखात्यावाले गाडीसकट घेऊन जातील. ओढ्याच्या पात्रात गाड्या नाचवणं पण बंद करा. ओळखीच्या माणसाचं शेत, धरणाजवळची खाजगी जागा विचारून घ्या, शेतकरी भाकरी पण देतो. पहिल्या आठवड्यात सगळी ऑइलं बदला, मग रिकामा ट्रेलर लावून जांबोटीपर्यंत जाऊन या. रिव्हर्स घ्यायची सवय नसते, मी पहिल्यांदा माझ्याच फाटकाला ट्रेलर आडवा घातला होता आणि गल्लीतली पोरं अजून विचारतात, काका, आज फाटक कुठल्या बाजूनं पाडणार?