कंट्रोल पॅनेल बसवताना विद्युतचुंबकीय अडथळा कसा आवरावा

उसाचा गळीत हंगाम संपला की सांगली-साताऱ्याकडील साखर कारखान्यांत नवे ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारी उपकरणे) आणि पीएलसी (यंत्रे चालवणारा औद्योगिक संगणक) पॅनेल बसवण्याची कामे निघतात. हंगामात केन कॅरिअरची (ऊस वाहून नेणाऱ्या पट्ट्याची) मोटर वेग घेते आणि च्यूटमधील (ऊस पुढे सोडणाऱ्या घसरणीतील) लेव्हलचा आकडा पडद्यावर नाचू लागतो, तेव्हा आधी सेन्सरवर आणि मग प्रोग्रॅमवर संशय जातो. दोष मात्र बहुधा केबल आणि अर्थिंगमध्ये असतो. ड्राइव्हमधील आयजीबीटी (इलेक्ट्रॉनिक स्विच) सेकंदाला हजारो वेळा व्होल्टेज तोडतात-जोडतात आणि प्रत्येक वेळी ते मायक्रोसेकंदाहून कमी वेळात चढते, म्हणून ५० हर्ट्झच्या या यंत्रणेतून काही मेगाहर्ट्झपर्यंतचा गोंगाट, म्हणजेच विद्युतचुंबकीय अडथळा, बाहेर पडतो.

सुरुवात पॅनेलच्या मागच्या प्लेटपासून करावी. पावडर कोटिंग केलेल्या प्लेटवर ड्राइव्ह आवळला तर स्क्रू घट्ट बसतात, पण धातूला धातू लागत नाही. जस्तलेपित प्लेट घेणे उत्तम. ते शक्य नसल्यास ड्राइव्ह आणि फिल्टर (हा गोंगाट अडवणारे उपकरण) बसतात तेवढ्या भागाचा रंग खरवडून काढावा. दाराला रुंद, चपटी विणलेली अर्थ पट्टी लावावी.

मोटरची केबल शिल्डेड (तारांभोवती धातूच्या जाळीचे कवच, म्हणजे शिल्ड, असलेली) असावी आणि तिचे शिल्ड ड्राइव्ह व मोटर या दोन्ही टोकांना अर्थ करावे. येथे आपल्याकडे सर्रास एक गोष्ट केली जाते: शिल्डच्या तारा पिळून त्यांची शेपटी करतात, लग (टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) मारतात आणि अर्थ बारला जोडतात. मल्टिमीटर ती जोडणी शून्य ओहम दाखवतो, त्यामुळे वायरमनचे समाधान होते. पण १० सेंटिमीटरच्या अशा शेपटीचे इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याचा गुण) साधारण ०.१ मायक्रोहेन्री भरते आणि १० मेगाहर्ट्झला तिचा विरोध सहा ओहमच्या आसपास जातो. त्याऐवजी बाहेरचे आवरण सोलून उघड्या शिल्डवर सर्व बाजूंनी कवळणारा क्लॅम्प थेट प्लेटवर आवळावा.

सेन्सरकडून येणाऱ्या ४-२० मिलिअँपिअरच्या सिग्नलसाठी पीळ दिलेली शिल्डेड जोडी वापरावी. तिचे शिल्ड सहसा पॅनेलच्या टोकालाच अर्थ करतात. उत्पादकाने वेगळे सांगितले असेल तर तेच पाळावे. मोटरच्या केबलपासून सिग्नलची केबल किमान ३० सेंटिमीटर दूर, शक्यतो वेगळ्या ट्रेमधून न्यावी आणि छेदणे टळत नसेल तर काटकोनात छेदावी. जागा नाही म्हणून एकाच डक्टमध्ये दोन्ही कोंबणे हाच सर्वांत महाग पडणारा शॉर्टकट आहे.

कॉन्टॅक्टरच्या (कॉइलने चालणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलवर, एसी असल्यास आरसी स्नबर (कॉइल बंद होताना उठणारा व्होल्टेजचा झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) आणि डीसी असल्यास योग्य दिशेने डायोड लावावा. डायोडमुळे कॉन्टॅक्टर थोडा उशिरा सुटतो, हे ब्रेकच्या सर्किटमध्ये विसरू नये. इलेक्ट्रॉनिक्ससाठी वेगळा अर्थ पिट खणून तो मुख्य अर्थिंगला न जोडण्याची पद्धत धोक्याची आहे, कारण वीज पडली किंवा फॉल्ट झाला की दोन अर्थमधील व्होल्टेजचा फरक थेट पीएलसीच्या कार्डावर येतो.

चाचणी मोटर जोडून, पूर्ण वेगावर घ्यावी. ड्राइव्ह बंद असताना आकडा स्थिर आणि चालू होताच तो अस्थिर होत असेल, तर पुरवठा तोडून, ड्राइव्हच्या कपॅसिटरमधील चार्ज उतरण्यासाठी मॅन्युअलमधील वेळ थांबून, आधी क्लॅम्प आणि प्लेटचे सांधे तपासावेत. फिल्टर वाढवण्याचा विचार त्यानंतर करावा, आणि वाढवलाच तर त्यात येणाऱ्या व त्यातून निघणाऱ्या तारा एकत्र बांधू नयेत.